गडद आणि मधला

कामाला बसण्याआधी आत्या मक्याचा एक पांढरा दाणा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवायची. मग हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे पाहत बसायची, चहा निवायला लागतो तेवढा वेळ. याला ती नजर लावून घेणं म्हणायची. पांढरं आधी डोळ्यांत नीट बसलं की पिवळ्याची लबाडी चालत नाही, असं तिचं म्हणणं. दिवसभर तो दाणा तिथेच असायचा. संध्याकाळी कापड झटकण्याआधी ती तो उचलून बरणीत टाकायची आणि दुसऱ्या दिवशी नवा घ्यायची. रोज तोच का नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. त्यालाही कंटाळा येतो, असं उत्तर मिळालं.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. शहराच्या कडेला पीक संशोधन केंद्र आहे, तिथे ती आधी कणसं सोलायला रोजंदारीवर लागली. मक्यावर संशोधन करणाऱ्या मॅडम तेव्हा केंद्रात नव्या होत्या आणि दाणे रंगावरून निवडायला माणूस शोधत होत्या. त्यांनी पाच-सहा बायकांना बसवून पाहिलं. बाकीच्यांचं लक्ष दुपारनंतर उडायचं. आत्याचं उडालं नाही. तिला कायमची खुर्ची मिळाली, आणि दाणेबाई हे नाव. पगारपत्रक सोडलं तर तिचं खरं नाव तिथे कुणी घेत नसे.

खुर्ची उत्तरेच्या खिडकीपाशी होती. त्या खिडकीत ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. पुढे लांब टेबल, त्यावर राखाडी कापड, कापडावर चार वाट्या. खिडकीच्या आणि टेबलाच्या मधे कुणी उभं राहिलं की आत्या मान वर न करता म्हणायची, "उजेड अडतोय." एकदा केंद्राचे संचालक पाहुण्यांना घेऊन आले आणि नेमके तिथेच उभे राहिले. त्यांनाही तेच ऐकावं लागलं. संचालक सरकले, पाहुणेही सरकले, आणि मग उरलेली सगळी माहिती त्यांनी भिंतीला टेकून सांगितली. केंद्राचे मुकादम ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं सांगत. दर वेळी संचालक थोडे अधिक दूर सरकत. शेवटी शेवटी तर ते दाराबाहेर उभे राहून बोलत असत.

मॅडमचं सगळं काम त्या दाण्याच्या रंगाभोवती होतं. आसपासची माणसं खायला पांढरा मका पिकवत. पिवळा तो जनावरांचा, अशी पक्की समजूत. पण पांढऱ्या दाण्यात कॅरोटिनॉइड म्हणतात ती पिवळी-केशरी रंगद्रव्यं जवळजवळ नसतात, आणि त्यातली काही आपल्या शरीराला लागतात, डोळ्यांना तर फारच. मॅडमना पांढऱ्या मक्याच्याच गुणाचं, पण गडद पिवळ्या दाण्याचं वाण तयार करायचं होतं. सगळं अडलं होतं एका एन्झाइमवर. त्याचं नाव फायटोईन सिंथेज. आत्याने ते नाव एकदा ऐकलं आणि सांगून टाकलं की हे आपल्या तोंडात मावणार नाही.

मॅडमनी तिला समजावलं होतं, आणि तिने मला. झाडाच्या पेशीत दोन सारखे, रंग नसलेले तुकडे असतात. हे एन्झाइम ते एकमेकांना जोडतं. जोडून जी साखळी होते तिलाही रंग नसतो. पण ती तयार झाली की पुढची एन्झाइम तिच्यावर आपापलं काम करतात, आणि पिवळा, केशरी, लाल सगळं तिथून निघतं. ती झालीच नाही तर पुढचे सगळे हातावर हात ठेवून बसतात. पांढऱ्या मक्याच्या दाण्यात ते एन्झाइम काम करत नाही. पानांसाठी झाडाजवळ त्याची वेगळी सोय असते, म्हणून झाड हिरवंगार वाढतं आणि दाणा मात्र कोरा राहतो.

"म्हणजे पहिला टाका," आत्या मॅडमना म्हणाली होती. ती हिवाळ्यात स्वेटर विणायची. तेव्हापासून दोघींमध्ये त्या एन्झाइमचं नाव टाका असंच पडलं.

वाट्या चार होत्या त्यालाही कारण होतं. दाण्याच्या पिठूळ भागात आईकडून दोन वाटे येतात आणि बापाकडून एक. या तिन्हींत टाका चालता असेल तर दाणा गडद, दोनांत असेल तर मधला, एकात तर फिका, आणि एकातही नसेल तर पांढरा. आईचे दोन वाटे हे झाडाला कळतं, माणसांना कधी कळायचं, असं आत्या वडिलांना ऐकवायची, आणि माझी आई स्वयंपाकघरातून हुंकार भरायची. पेरायचा तो फक्त गडद. मधला दिसायला देखणा असतो, पण त्याच्या पोटात पांढरं लपलेलं असतं. पेरला तर पुढच्या पिढीत ते बाहेर येतं. गडद आणि मधल्यात फरक केवढा, तर एका दिवसाच्या आणि दोन दिवसांच्या हळदीच्या डागात असतो तेवढा. केंद्रात रंग मोजायचं यंत्र होतं, नाही असं नाही. पण त्याला दाणा दळून द्यावा लागे, आणि दळलेला दाणा पेरता येत नाही.

म्हणून आत्या.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी तिचं आणि केंद्राच्या सुताराचं भांडण झालं. खिडकीचे गज वाकलेत, अशी तिची तक्रार होती. मधोमध पोट आल्यासारखे दिसतात, कुणीतरी शिडी आपटली असणार. सुताराने येऊन पाहिलं आणि गज सरळ आहेत म्हणाला. तिने पुन्हा निरोप पाठवला. तो ओळंबा घेऊन आला, गजाशेजारी दोरी सोडली आणि तिला जवळ बोलावलं. तिने पाहिलं. दोरीसुद्धा वाकडी आहे, ती म्हणाली. सुतार हा विनोद समजून मनापासून हसला आणि जेवायच्या सुट्टीत त्याने तो सगळ्यांना सांगितला. घरी येऊन आत्यानेही आम्हाला सांगितला. आम्हीही हसलो. तिने सांगितला तो मात्र अर्धवट, शेवटाकडे आवाज बारीक करत.

त्याच हिवाळ्यात तिने विणणं सोडलं. हल्ली लोकर चांगली येत नाही, हे कारण.

केंद्रात तेव्हा घाई होती. मॅडमच्या प्रकल्पाची मुदत संपत आली होती. वाण हाताशी आलं होतं. गडद दाण्याची कणसं पिढ्यानपिढ्या निवडून आता एकच मोठं शेत पेरायचं, बियाणं वाढवणाऱ्या संस्थेची माणसं कापणीच्या वेळी येऊन पाहणार, आणि पसंत पडलं तर वाण त्यांच्या हाती जाणार, असं ठरलं होतं. पसंत पडण्याची अट साधी होती. कणसात पांढरा दाणा दिसता कामा नये. शेत मोठं म्हणून बी भरपूर हवं होतं. जुनं ठेवणीतलं बी थोडंच होतं, त्यामुळे मागच्या हंगामाच्या मिसळ दाण्यांमधून गडद निवडून पोती भरायची होती. ते सगळे दाणे एकट्या आत्याच्या टेबलावरून जाणार होते. दुसरं कुणी तयार केलेलं नव्हतं. तशी गरजच कधी पडली नव्हती.

त्या दिवसांत ती मान एका बाजूला कलवून बसायची. मुकादमांनी विचारलं तर मान धरलीय म्हणायची. घरी आई तिच्या मानेला तेल चोळून द्यायची. पुढे कळलं की समोरचं दिसेना तेव्हा डोळ्याच्या कडेने तिला बरं दिसत होतं, म्हणून ती दाण्याकडे बघायचं सोडून दाण्याच्या शेजारी बघत होती.

एका संध्याकाळी तिने रुमालाची गाठ सोडून मूठभर दाणे माझ्या टेबलावर ओतले. यातले गडद बाजूला काढून दाखव, म्हणाली, बघू तुला जमतं का. मी परीक्षा द्यावी तशी बसले. बऱ्याच वेळाने दोन ढीग झाले. ती वाकली, मान कलवली, आणि लगेच म्हणाली, "बरोबर." मग तिने दोन्ही ढीग एकत्र करून रुमालात बांधले. ती मला नव्हे, स्वतःच्या डोळ्यांना तपासत होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला आनंदच झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली. मॅडमना सांगावं असं तिच्या मनात आलंच असेल. पेरणी तोंडावर होती. सांगितलं असतं तर पेरणी चुकली असती, मुदत संपली असती, आणि खिडकीपाशी दुसरं कुणीतरी बसलं असतं. यातलं कुठलं तिला जास्त जड गेलं ते तिने कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर पांढरा दाणा मात्र ती रोज ठेवत होती. पांढरा आणि पिवळा एवढं तिला तेव्हा तरी कळत होतं. पोती भरली. मॅडमनी वेळेच्या आधी काम झालं म्हणून तिला शाबासकी दिली.

शेत चांगलं आलं. माणूसभर उंच, काळपट हिरवं, कुठे रोग नाही. आजूबाजूला लांबपर्यंत दुसरा मका नव्हता, बाहेरचे पराग येण्याची भीती नव्हती. संस्थेची माणसं यायच्या आदल्या दिवशी मॅडम, मुकादम आणि आत्या अशी तिघं शेतात गेली. पहिलं कणीस सोलायचा मान दाणेबाईंचा, असं मुकादम म्हणाले. आत्या नको म्हणाली. मग त्यांनीच सोललं.

त्यानंतरचं मला मुकादमांकडून कळलं. ते आमच्याकडे येऊन सांगून गेले, आणि ही गोष्ट त्यांनी पुन्हा कधी कुठे सांगितली नाही. पहिल्या कणसात पांढरे दाणे होते. एखाद-दुसरा नव्हे, पडलेल्या दातांसारखे सगळीकडे. त्यांनी दुसरं सोललं. तिसरं मॅडमनी सोललं. मग मॅडम एकट्याच ओळीतून पुढे गेल्या आणि चालता चालता दोन्ही बाजूंची कणसं झाडावरच उघडत गेल्या. काही कणसांत पांढरा दाणा नव्हता, पण तिथे गडदमध्ये मधले मिसळलेले होते. म्हणजे पुढच्या पिढीसाठी तीही गेली. एकदा शेतात मधल्याचे पराग उडाले की ते कुणाला सोडत नाहीत. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कणीस होतं. त्यांनी ते आत्याच्या हातात दिलं.

आत्याने मान कलवली. कणीस फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं.

"सगळे सारखेच तर आहेत," ती म्हणाली.

मुकादम म्हणाले, वारा होता, पानं वाजत होती. मग आत्याने कणसावरून अंगठा फिरवला, एकेका दाण्यावर थांबत, जणू बोटाला कळेल. बोटाला रंग कळत नाही. तिने कणीस मॅडमच्या हातात परत दिलं आणि बांधाच्या दिशेने चालायला लागली. बांधापाशी तिचा पाय चुकला. मुकादमांनी धरलं.

संस्थेची माणसं ठरल्याप्रमाणे आली. त्यांनी शेत पाहिलं, चहा घेतला, फार सभ्यपणे बोलली आणि गेली. पीक जनावरांच्या खाण्यासाठी गेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वडील तिला घेऊन गेले, बरोबर मीही होते. डॉक्टरांनी चौकटी आखलेला एक कागद तिच्यापुढे धरला आणि रेघा कशा दिसतात विचारलं. ती म्हणाली, आमच्या खिडकीच्या गजांसारख्या. डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी समजावलं की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध एक पिवळा ठिपका असतो. आपण ज्याच्याकडे रोखून बघतो ते त्या ठिपक्याने बघतो. तिचा तो झिजत चालला होता, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. यावर शस्त्रक्रिया नाही का, असं वडिलांनी दोनदा विचारलं. मोतीबिंदू असता तर केली असती, डॉक्टर म्हणाले. आणि लवकर आला असतात तर, असं काहीतरी पुढे म्हणायला लागले, पण लवकर येऊनही फारसं काही झालं नसतं हे त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. त्यांनी वाक्य सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात मॅडम घरी आल्या. त्यांचा प्रकल्प बंद झाल्याचा हुकूम तोवर निघाला होता. आईने चहा ठेवला. मॅडम आत्याच्या पलंगावर टेकल्या आणि दोघी बराच वेळ मुकादमांच्या मुलीच्या लग्नाविषयी बोलत राहिल्या. शेताचा विषय कुणी काढला नाही. शेवटी आईलाच राहवलं नाही. तो डोळ्यातला ठिपका पिवळा कशाने असतो, तिने विचारलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, त्याच रंगाने. दाण्यात असतो तोच. तिथे तो जास्तीचा उजेड अंगावर घेतो आणि पडद्याला जपतो.

मग आता पिवळा मका भरपूर खाल्ला तर, आईने विचारलं. मॅडमनी मान हलवली. झिजलेलं त्याने भरून येत नाही. आणि आपल्याला तो रंग स्वतः तयारच करता येत नाही, पानांकडून, दाण्यांकडून घ्यावा लागतो. आपल्या शरीरात ते एन्झाइमच नाही.

"टाकाच नाही?" आत्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे आपण सगळे पांढरेच दाणे," आत्या म्हणाली, आणि हसली. मॅडमना हसता आलं नाही. त्यांनी आत्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत, दाणेबाई." रागाने नव्हे. आत्याने हात सोडवून घेतला नाही, दुसऱ्या हाताने कप उचलला. चहावर साय धरली होती. ती तिला दिसली नाही, ओठाला लागली.

मॅडमची दूरच्या केंद्रात बदली झाली. तिथे फुलांवर काम चालतं. पहिली दोन वर्षं त्यांचा फोन यायचा, पुढे नाही. वाणाचं थोडं ठेवणीतलं बी इथल्या शीतघरात असेल, पण ते काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे तेवढीच वर्षं हवीत आणि तेवढंच वेडं माणूस हवं. मुकादम सांगतात, कुणी ते मागायला आलेलं नाही. आत्या बसायची त्या बियांच्या खोलीत आता कागदांचे गठ्ठे रचलेले असतात, खिडकीच्याही वर.

घरात आत्याला काहीतरी हातात हवं असायचं. आई तिला डाळ निवडायला द्यायची. ती खिडकीपाशी ताट घेऊन बसायची आणि खडे चाचपून काढायची. ताट परत आलं की आई स्वयंपाकघरात दार लोटून ती डाळ पुन्हा निवडायची, आवाज होऊ न देता. पण डाळीचा आवाज झाल्याशिवाय राहत नाही. एके दिवशी आईने ताट पुढे केलं तेव्हा आत्या म्हणाली, कशाला दोघींचा वेळ. त्यानंतर तिने ताट घेतलं नाही. आईने खूप मनधरणी केली, रुसूनही पाहिलं.

मग ती नुसती बसायची. समोर बघायची नाही, थोडं बाजूला बघायची, सवयीने. आम्ही बोलायला लागलो की चेहरा आमच्याकडून वळवून घ्यायची, आणि नव्या माणसाला वाटायचं की हिला राग आलाय. तसं करूनच तिला आमचा चेहरा थोडाफार दिसत होता. पुढे कडेचंही जायला लागलं. ते का, हे कुठल्याच डॉक्टरला नीट सांगता आलं नाही. वय, ते म्हणाले. मॅडमचं नाव ती काढत नसे. केंद्रातून कुणी आलं तर झोपल्याचं सोंग करायची. मुकादमांना ते कळायचं. ते मुद्दाम मोठ्याने संचालकांची गोष्ट सांगायचे, आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ थांबून निघून जायचे.

शेवटच्या हिवाळ्यात तिला छातीत कफ झाला आणि तो हटेना. खाणं कमी झालं, बोलणंही. त्या दुपारी आई औषधं आणायला गेली होती. मी भिंतीला टेकून, पलंगाच्या पायथ्याशी पुस्तक वाचत होते. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती, उघडी, आणि तिथे कुणीच नव्हतं. ती जागी झाली. तिने मान कलवली, जशी टेबलापाशी कलवायची तशी, आणि चादरीवरून बोटं फिरवत काहीतरी बाजूला सारत राहिली. मग मला म्हणाली, "जरा सरक गं. उजेड अडतोय."